मान मोडताना येणारा ‘कड्’ आवाज नक्की कसला? आणि तो आलाच नाही तर?

पिंपळपार

मंडळी, लॅपटॉपपुढे बसून पोट भरणाऱ्यांचा हा नेहमीचा आजार. मला तो चाळिशीत गाठला, एवढंच. मान उजवीकडे पूर्ण वळत नाही. स्कूटरवर असताना मागचं बघायचं तर कमरेपासून वळावं लागतं. एक्सरे काढला, ‘वयोमानानुसार झीज’ असा शेरा आला (हे वाक्य त्यांच्याकडे छापूनच ठेवलेलं असावं). हाताला मुंग्या नाहीत, चक्कर नाही. फिजिओथेरपी चालू आहे.

पहिल्या खेपेला बाईंनी डोकं दोन्ही हातांत धरून मान कलती केली, थोडी वळवली आणि बारीकसा झटका दिला. कड्-कड् आवाज आला आणि मान तिथल्या तिथे हलकी वाटली. पुढच्या खेपेला अगदी तेच केलं, पण आवाज काही आला नाही. मी विचारलं, ‘‘आज बसलं नाही का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आवाजाशी काही देणंघेणं नाही,’’ आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आवाज कसला असतो? सरकलेलं हाड जागेवर बसतं त्याचा का? नाही आला तर ती खेप फुकट गेली का? आणि मामेसासऱ्यांनी पाठवलेला ‘मान मोडून घेतली आणि लकवा आला’ हा फॉरवर्ड कितपत खरा?

अनुभव, वाचन दोन्ही चालेल. दवाखान्यांची नावं मात्र कृपया नकोत.

---

आगाऊ_कार्टं

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत मान हलवू नका. हलकेच घ्या.

---

तांबडी_माती

आमच्याकडं कोल्हापुरात तालमीत मालिश झाली की बोटं, पाठ, मान सगळं कडाकडा मोडून देत्यात. आवाज आल्याबिगर पैलवान उठतच न्हाई. आवाज आला की ‘शीर उतरली’ म्हणायचं. माझं वय बघता लई वर्षं मोडून घेतली, काय झालं न्हाई. त्यामुळं हे लकव्याचं मला जरा जास्तच वाटतंय. बाकी जाणकार सांगतील.

---

बेरकी

आवाजाचं भौतिकशास्त्र मला आवडतं म्हणून त्यावर लिहितो, उपचारांचं ज्यांना कळतं त्यांनी लिहावं.

हाडावर हाड आपटून हा आवाज येत नाही. सांध्याभोवती एक बंद पिशवी असते आणि तिच्यात वंगणासारखा चिकट द्रव असतो. त्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांपासून झटकन दूर ओढले की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात पोकळी तयार होते. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. वाद आहे तो पोकळी होताना आवाज येतो की फुटताना, यावर. आणि हा वाद पाऊण शतक चाललाय, ज्याची मला खरंच गंमत वाटते.

१९४७ साली रोस्टन आणि व्हीलर हेन्स या दोघांनी लंडनमध्ये लोकांची बोटं ओढून एक्सरे काढले. त्यांचं म्हणणं होतं की पोकळी तयार होते तेव्हाच आवाज येतो. १९७१ साली लीड्सच्या अन्सवर्थ, डाउसन आणि राइट यांनी पुन्हा बोटंच ओढली आणि उलटा निष्कर्ष काढला: बुडबुडा कोसळतो त्याचा आवाज. एकदा मोडलेलं बोट साधारण २० मिनिटं पुन्हा मोडत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. वायू परत द्रवात विरघळायला तेवढा वेळ लागतो.

पुढची चाळीसेक वर्षं सगळी पुस्तकं लीड्सचंच सांगत होती. मग २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेग कॉचक आणि सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात हात ठेवून, बोट दोरीने ओढत, चालू चित्रण केलं. दहा सांधे मोडून पाहिले. आवाज आला त्या क्षणी पोकळी उमटलेली दिसली, आणि आवाजानंतरही ती तशीच होती. म्हणजे १९४७ वाले बरोबर! ओल्या काचेवर दुसरी काच चिकटते, ओढत राहिलं तर बराच वेळ सुटत नाही आणि मग एकदम सुटते, तसा प्रकार.

वाद मिटला म्हणता म्हणता २०१८ साली पॅरिसजवळच्या एकोल पॉलितेक्निकमधून विनीत चंद्रन सुजा आणि अब्दुल बरकत यांनी गणिती प्रारूप मांडलं. बुडबुडा पूर्ण फुटायची गरज नाही, थोडासा कोसळला तरी एवढा आवाज येऊ शकतो आणि उरलेला बुडबुडा एमआरआयमध्ये दिसतच राहील. सामना पुन्हा बरोबरीत.

एक लक्षात घ्या, हे सगळे प्रयोग बोटांच्या पेरांवरचे आहेत. मानेच्या मणक्यांमागे जे छोटे जोड-सांधे असतात तेही याच जातीचे, म्हणून तिथेही असंच होत असावं असं धरलं जातं.

---

पिंपळपार

बेरकी, मस्त लिहिलंत. म्हणजे हाड जागेवर बसण्याचा आवाज नाही, हे नक्की ना?

---

साळुंकी

पिंपळपार, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. तुमच्या फिजिओबाईंनी उत्तर बरोबर दिलं, पण फार घाईत दिलं. गर्दीच्या वेळी माझंही असंच होतं.

‘सरकलेला मणका बसवला’ हे वाक्य आमच्याकडे येणारा दर दुसरा पेशंट बोलतो, आणि खेद असा की आमच्यातलेही काहीजण बोलतात. मणका खरोखर सरकला असेल तर तो ऑपरेशन थिएटरचा विषय आहे, माझ्या टेबलावरचा नाही. १९९८ साली स्वीडनमध्ये टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी कमरेच्या खालच्या सांध्यावर एक छान प्रयोग केला होता. हाडांची जागा अतिशय बारकाईने मोजणारं एक्सरे तंत्र वापरलं, झटका देण्याआधी मोजलं, नंतर मोजलं. हाताने तपासणारे म्हणत होते की सांधा आता सरळ झाला. मोजमाप म्हणत होतं की हाड होतं तिथेच आहे. पेशंटला बरं वाटतं, तपासणाऱ्याच्या हातालाही फरक जाणवतो, आणि हाड मात्र हललेलं नसतं.

आता मानेचं. २०१३ साली डनिंग आणि सहकाऱ्यांनी १९ जणांच्या मानेच्या वरच्या भागात झटका देताना दोन्ही बाजूंना सूक्ष्म मायक्रोफोन लावले. ३७ झटक्यांपैकी ३४ मध्ये आवाज दोन्ही बाजूंनी आले, आणि एका झटक्यात सरासरी तीनापेक्षा जास्त. तुम्ही ‘कड्-कड्’ लिहिलंय ते म्हणूनच. पाठीच्या बाबतीत २००४ साली रॉस, बेरेझ्निक आणि मॅकगिल यांनी मोजलं होतं: ज्या मणक्यावर नेम धरला त्यापासून आवाजाची जागा कमरेत सरासरी पाच सेंटीमीटरच्या वर लांब होती. तेव्हा ‘मी तुमचा पाचवा मणका मोकळा केला’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मान डोलवावी (जमत असेल तेवढी) आणि ऐकून सोडून द्यावं.

आवाज नाही आला तर फायदा कमी का? कंबरदुखीच्या ७१ पेशंटवर २००३ साली फ्लिन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. आवाज आलेले आणि न आलेले, दोघांत दुखणं आणि हालचाल यात फरक नव्हता. मग २००७ साली क्लेलंड यांनी मानदुखीचे ७८ पेशंट घेतले, झटका पाठीच्या वरच्या भागात दिला आणि आवाज मोजले. आवाजांच्या संख्येचा आणि बरं वाटण्याचा संबंध लागला नाही.

मग बरं का वाटतं? सांध्यातल्या आणि स्नायूंतल्या संवेदकांना एकदम ताण बसतो, मणक्याच्या पातळीवर वेदनेचा संदेश काही काळ दबतो, आजूबाजूचे आवळलेले स्नायू सैलावतात. हा परिणाम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. त्या मोकळ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा असतो. माझ्या लेखी झटक्याचा खरा उपयोग तेवढाच आहे.

---

एडिसनकाकू

न्यू जर्सीहून. इकडे कायरोप्रॅक्टरकडे (मणक्यांना हाताने झटके देऊन उपचार करणारे) जाणं म्हणजे दात दाखवायला जाण्याइतकं सरळ. सगळ्या पन्नास राज्यांत त्यांना परवाना लागतो, बऱ्याच विमा योजनांत थोड्याफार खेपा बसतात. मी जाते. आवाज आला की मला बरं वाटतं, खोटं का बोलू? साळुंकीताई, तुमचे आकडे मान्य, पण ज्या दिवशी आवाज येत नाही त्या दिवशी मला गाडीत बसेपर्यंत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. याला काय म्हणायचं?

या मंडळींची जन्मकथाही रंजक आहे. १८९५ च्या सप्टेंबरात आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीवर झटका दिला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी गोष्ट सांगतात. पामर त्याआधी ‘चुंबकीय उपचार’ करायचा. बहिरेपणाचा आणि त्या मणक्याचा संबंध कुणी विचारू नये. इकडच्या दवाखान्यात मी विचारला, तर डॉक्टर नुसते हसले.

---

साळुंकी

काकू, तुम्हाला जे वाटतं ते खरंच वाटतं, त्यात खोटं काही नाही. आवाज मेंदूला पुरावा देतो की ‘काहीतरी घडलं’. २०१७ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठात टाशा स्टँटन यांनी उलट्या बाजूने हे दाखवलं. पाठ ताठरलेल्या लोकांच्या पाठीवर यंत्राने दाब द्यायचा आणि त्याच वेळी आवाज ऐकवायचा. करकरणाऱ्या दाराचा आवाज ऐकवला की तोच दाब लोकांना वेगळा जाणवायचा आणि पाठ जास्त ताठ वाटायची. पाठ तीच, दाबही तोच, फक्त कानात काय पडतंय ते बदललं.

म्हणून मी पेशंटला आधीच सांगते, ‘‘आवाज येईल किंवा येणार नाही, त्यावर मोजू नका. उठून मान वळवून बघा, त्यावर मोजा.’’ आवाजाची सवय लावली की माणूस आवाजासाठी यायला लागतो.

---

आगाऊ_कार्टं

यूट्यूबवरची वाय-स्ट्रॅपवाली चित्रफीत बघा मग. हनुवटीखाली पट्टा अडकवायचा आणि विहिरीतून बादली ओढतात तसा माणूस ओढायचा. मानेजवळ माइक लावलेला. लाखो लोक झोप यावी म्हणून हे ऐकतात म्हणे. माझी तर उडाली.

---

मज्जारज्जू

मेंदूविकार विभागात काम करतो, म्हणून चौथ्या प्रश्नावर येतो. तो फॉरवर्ड मी पाहिला. मसाला आहे, पण मूळ गोष्ट खोटी नाही.

मेंदूकडे जाणाऱ्या चारपैकी दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या आतूनच जातात. मणक्यांना बाजूला छिद्रं असतात. ही वाहिनी बहुतेकांत सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरते, एकेक मजला चढत पहिल्या मणक्यापर्यंत येते आणि तिथे वळसा घेऊन कवटीत जाते. आता मान फिरवण्याची जवळपास निम्मी हालचाल फक्त पहिल्या दोन मणक्यांच्या मध्ये होते. म्हणजे जिथे सर्वांत जास्त पीळ पडतो तिथेच वाहिनीचा वळसा. जोरात पीळ पडला तर वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते. चिरेत रक्त शिरतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात.

हे फक्त मान मोडल्यानेच होतं असं नाही. १९९३ साली न्यूयॉर्कचे डॉ. वाइनट्रॉब यांनी पार्लरमध्ये बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून केस धुवून घेतल्यावर त्रास झालेल्या पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून त्याला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’च म्हणतात. २०२२ साली हैदराबादेत असंच झाल्याचं वाचलं असेल. २०२४ मध्ये बळ्ळारीच्या एका तरुणाला केशकर्तनालयात चंपीनंतर मान मोडून घेतल्यावर पक्षाघात झाला. आणि २०१७ ची दिल्लीकडची बातमी तर वेगळीच: ५४ वर्षांचे गृहस्थ, न्हाव्याकडे मान मोडून घेतली, आणि मानेतून श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसांना इजा होऊन त्यांना श्वास घेता येईना.

आता दुसरी बाजू, कारण तांबडी_माती यांचाही मुद्दा रास्त आहे. वाहिनीला चीर जाणं मुळातच दुर्मिळ, आपोआप होणारे प्रकार वर्षाला लाखात साधारण तीनेक. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते २००२ मधले अशा पक्षाघाताचे ८१८ रुग्ण तपासले (हा अभ्यास २००८ चा). पंचेचाळिशीच्या आतल्यांत आधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आल्याचा संबंध दिसला. पण साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आल्याचाही तसाच संबंध दिसला! फॅमिली डॉक्टर काही मान मोडत नाही. म्हणजे अनेकांत चीर आधीच गेलेली असते, त्यामुळे मान दुखते, म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो आणि मग पक्षाघात होतो.

---

बेरकी

म्हणजे झटका निर्दोष सुटला?

---

मज्जारज्जू

नाही. संशयाचा फायदा मिळाला असं म्हणा. कारण त्यातूनच दुसरा धोका दिसतो. चीर गेल्यामुळे मान दुखतेय आणि कुणी ‘स्नायू आखडलाय’ म्हणून त्याच मानेला झटका देतोय. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१४ मध्ये एवढंच म्हटलं की कारण सिद्ध झालेलं नाही, पण संबंध आहे, तेव्हा झटक्याआधी रुग्णाला हे सांगा. तुमच्यापैकी किती जणांना कुणी सांगितलं?

लक्षात ठेवायचं ते हे. पूर्वी कधीच नव्हतं असं दुखणं मानेच्या किंवा डोक्याच्या मागच्या एकाच बाजूला अचानक सुरू झालं, तर मान कुणाच्याही हातात देऊ नका, आधी डॉक्टर. आणि दुखण्यासोबत किंवा झटक्यानंतर चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना ठसका, तोल जाणं, चेहरा किंवा हातपाय बधिर होणं, एक पापणी खाली येणं, यातलं काहीही झालं तर थेट मोठं रुग्णालय. ‘झोपून बघू सकाळपर्यंत’ नको. आणि हो, आवाज आला होता की नव्हता, याचा या धोक्याशी काही संबंध नाही. पीळ आणि जोर यांचा आहे.

---

तांबडी_माती

हे ‘पीळ आणि जोर’ वाचून गप बसलो जरा. आमच्यात तर हनुवटी धरून खांद्यापर्यंत फिरवत्यात. पण मालिशवाला वीस वर्षं तेच करतोय, त्याला हात माहीत आहे. डिग्रीवाल्याचा हात चुकत न्हाई का?

---

साळुंकी

चुकतो की. म्हणूनच डिग्रीवाल्याने तपासायचं असतं आणि मालिशवाला तपासत नाही, फरक तिथे आहे. झटक्याआधी मी बीपी बघते, अलीकडे पडझड झाली का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हाडं ठिसूळ आहेत का, हात-पाय कमजोर आहेत का, हे सगळं विचारते. पैलवानाची मान दणकट असते, त्याच मालिशवाल्याकडे उद्या साठीचे काका बसले तर? त्याला कसं कळणार की काकांच्या मानेत काय आहे?

आणि एक सांगते, मी स्वतः मानेला झटका क्वचितच देते. आमच्याकडे ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड यांची पायरी वापरतात, पहिली ते चौथी म्हणजे हळू, लयीत सांधा हलवणं, पाचवी म्हणजे झटका. २०१० साली लीव्हर आणि सहकाऱ्यांनी नव्याने मान धरलेल्या १८२ जणांवर दोन्ही ताडून पाहिलं. झटकावाले लवकर बरे झाले नाहीत. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यातही (झालेले अभ्यास एकत्र करून तपासणारा आढावा) दोन्हींचं फळ साधारण सारखंच. फळ सारखं असेल आणि एका वाटेवर लहानसा का होईना खड्डा असेल, तर मी दुसऱ्या वाटेने जाते. माझे काही सहकारी याच्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, योग्य पेशंट निवडला तर झटका सुरक्षित आहे आणि लगेच आराम देतो. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

---

सुमती१९५४

मला संधिवात आहे, आमवात म्हणतात तो, हातांची बोटं वाकडी झाली आहेत. मुलगा म्हणतो, आई तूही मान मोकळी करून घे, शेजारच्यांना फरक पडला. जाऊ का?

---

मज्जारज्जू

सुमतीताई, नको. अगदी नको. आमवातात पहिल्या-दुसऱ्या मणक्याला धरून ठेवणारे बंध सैल झालेले असू शकतात. तिथे झटका थेट मज्जारज्जूवर येऊ शकतो. मुलाला हा प्रतिसाद दाखवा. मान दुखत असेल तर तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना सांगा, ते मान पुढे-मागे वाकवून एक्सरे काढतील. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीतही हेच.

---

सुमती१९५४

बरं झालं विचारलं. आमच्या वेळी मान धरली की उशी उन्हात ठेवायची आणि पाठीत उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाकडून लाथ मारून घ्यायची. माझे धाकटे दीर पायाळू. बिचाऱ्याला लहानपणी दुपारी कोणी झोपू देत नसे.

---

आगाऊ_कार्टं

त्या लाथेला आवाज यायचा का आजी? आणि २० मिनिटांनी पुन्हा मारता यायची का?

---

बेरकी

अवांतर: बोटं मोडून संधिवात होतो का, हा प्रश्न इथे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. कॅलिफोर्नियाचे डॉ. डोनाल्ड अंगर यांना लहानपणी घरच्यांनी हीच भीती घातली होती. गडी हट्टी. पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं दिवसातून निदान दोनदा मोडली, उजव्या हाताची नाही. शेवटी दोन्ही हात तपासले, संधिवात कुठेच नव्हता. १९९८ मध्ये त्यांनी ते छापून आणलं आणि २००९ मध्ये त्यांना इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. एका माणसावरचा प्रयोग, त्यामुळे सिद्ध काही होत नाही, पण चिकाटीला सलाम.

---

पिंपळपार

माझा एक उपप्रश्न राहिला. मला आता स्वतःच हनुवटी ढकलून कड् करायची सवय लागली आहे. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून करतो. चालेल का? आणि नुसती मान फिरवली तरी वाळू दळल्यासारखी करकर ऐकू येते, तो वेगळा आवाज आहे का?

---

साळुंकी

वेगळा. करकर प्रत्येक हालचालीला येते, तिला २० मिनिटं थांबावं लागत नाही. कूर्चा, स्नायुबंध एकमेकांवर घासतात त्याची ती. दुखत नसेल तर दुर्लक्ष करा. चाळिशीनंतर निम्म्या महाराष्ट्राची मान करकरत असेल.

स्वतः मोडणं बंद करा. आपोआप, सहज वळताना आवाज आला तर हरकत नाही. पण हाताने हनुवटी ढकलून शेवटच्या टोकाला झटका देता, तेव्हा ताठरलेला सांधा सुटत नाही, आधीच सैल असलेलाच पुन्हा पुन्हा ताणला जातो. थोडा वेळ बरं वाटतं आणि तासाभरात पुन्हा हात तिकडेच जातो. सिगारेट सोडणाऱ्यासारखं करू नका, ‘आजची शेवटची’ वगैरे.

त्याऐवजी: पाठ टेकून सरळ बसा. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे न्या, दुहेरी हनुवटी झाल्यासारखी दिसेल, पाचेक सेकंद धरा, सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असतोच. लॅपटॉपखाली पुस्तकं घालून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा आणि वेगळा कीबोर्ड घ्या. मिनेसोटात २०१२ साली ब्रॉनफोर्ट आणि सहकाऱ्यांनी मानदुखीच्या २७२ जणांचे तीन गट केले: झटके, औषधं आणि घरी करायचे व्यायाम. झटके औषधांपेक्षा सरस ठरले, पण घरचे व्यायाम झटक्यांच्या तोडीस तोड निघाले. आणि व्यायाम शिकायला त्या लोकांना दोनच खेपा लागल्या होत्या.

---

एडिसनकाकू

दोन खेपांचं इकडच्या विमा कंपनीला कळू देऊ नका, बाकीच्या बंद करतील.

साळुंकीताई, भारतात कायरोप्रॅक्टर म्हणून पाट्या दिसू लागल्या आहेत, गेल्या वेळी पुण्यात पाहिल्या. त्यांची नोंदणी कुठे होते?

---

साळुंकी

काकू, इंग्लंडात १९९४ पासून त्यासाठी कायदा आणि परिषद आहे, तसं आपल्याकडे स्वतंत्र काही नाही. काहीजण बाहेरून रीतसर पदवी घेऊन आलेले असतात, काही फिजिओथेरपिस्टच असतात आणि पाटी तशी लावतात, काही आठवड्याचं शिबिर करून आलेले असतात. पाटीवरून कळत नाही, विचारावं लागतं. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते, २००२ चा कायदा आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, मला विचारला तर मला राग येत नाही.

आणि पंधरा-वीस खेपांचं पॅकेज पहिल्याच दिवशी आगाऊ भरायला सांगितलं तर चहा पिऊन परत या.

---

तांबडी_माती

मज्जारज्जूसाहेब, मालिशवाल्याशी बोललो. म्हटलं मानेला हात लावू नगस, पाठ आणि पाय काय करायचं ते कर. तो म्हणतो, ‘‘पैसं तेवढंच पडतील.’’ चालतंय.

---

नवी_आई_सातारा

उशिरा येतेय, सगळं वाचून काढलं. माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. मालिशवाल्या बाई अंघोळीआधी बाळाचे हातपाय उलटसुलट जोडतात, ते ठीक. पण शेवटी डोकं धरून मान दोन्हीकडे वळवतात आणि पाय धरून बाळाला उलटं टांगतात. बारीक टक् असा आवाजही येतो कधीकधी. सासूबाई म्हणतात, सगळ्यांची अशीच मालिश झाली. काय करू?

---

साळुंकी

हे थांबवा, आजपासून. बाळाला मान धरायलाच तीन-चार महिने लागतात, तोवर मानेचे स्नायू डोकं पेलत नाहीत, ते आपण हाताने पेलायचं असतं. उलटं टांगणं आणि मान वळवणं दोन्ही नको. हातापायांतला टक् आवाज बहुतेकदा निरुपद्रवी असतो. पण मांडी फाकवताना दरवेळी एकाच बाजूला टक् होत असेल किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना खुबा तपासायला सांगा, तेही लवकर.

बाईंना काढू नका, फक्त सांगा. तेल कोमट, हात हलका, पाय, पोट, पाठ, बस. सासूबाईंच्या समोरच सांगा म्हणजे नंतर वाद नको. आणि स्वतः पहिले काही दिवस जवळ बसा.

---

नवी_आई_सातारा

खुबा नाही, गुडघ्यात येतो टक्, दोन्हीकडे. लसीला जायचंच आहे या आठवड्यात, तेव्हा डॉक्टरांना दाखवते. बाई उद्या आठला येतात, त्यांना सांगते.